दाणा गेला, रीत मागे राहिली

मक्याचं कणीस निखाऱ्यावर भाजून, वर मीठ, तिखट आणि लिंबू चोळून खाताना एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हे पीक माणसाशिवाय फार काळ तग धरू शकत नाही. रानातल्या गवताचं बी पिकलं की गळतं, वाऱ्याबरोबर किंवा पाखराच्या पोटातून कुठंतरी जातं आणि रुजतं. मक्याचे दाणे मात्र दांड्याला घट्ट चिकटलेले असतात आणि वरून सालींच्या कितीतरी थरांत गुंडाळलेले. पिकलेलं कणीस शेतात तसंच पडून राहिलं, तर शेकडो रोपं एकाच मुठीएवढ्या जागेत उगवतात आणि ऊन-पाण्यासाठी एकमेकांचा जीव घेतात. साली सोलायच्या, दाणे सुटे करायचे, ते अंतर ठेवून पेरायचे, या सगळ्याला माणसाचा हात लागतो.

हा हात मक्याला पहिल्यांदा लागला तो सुमारे 9000 वर्षांपूर्वी, आजच्या मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागातल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात. तिथं तेओसिंते नावाचं एक रानगवत आजही वाढतं. त्याच्या कणसात जेमतेम डझनभर दाणे असतात आणि प्रत्येक दाणा स्वतंत्र, टणक कवचात बंद असतो. टपोऱ्या दाण्यांचा मका या गवतातूनच आला असेल यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचाही पुष्कळ काळ विश्वास बसत नव्हता. पुढे जनुकांच्या अभ्यासानं ते नातं पक्कं झालं. मधल्या हजारो वर्षांत कुणीतरी दरवर्षी चांगलं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवत होतं. लिपी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. घरं होती, घरातली माणसं होती, आणि कुठलं कणीस ठेवायचं हे मुलांना दाखवणारे वडीलधारे होते.

याच घरांमध्ये दुसरा एक शोध लागला, आणि तो पहिल्याइतकाच थक्क करणारा आहे.

पानाला लावतो तो चुना आपल्याला माहीत आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माणसं किमान तीन हजार वर्षांपासून मका या चुन्याच्या पाण्यात शिजवत आली आहेत. वाळलेले दाणे, पाणी आणि थोडासा चुना चुलीवर चढवायचा, थोडा वेळ उकळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी दाणे चोळून धुतले की वरची चिवट साल सुटून वाहून जाते. अशा मक्याला तिथं निश्तामाल म्हणतात. मग हे मऊ दाणे मेतातेवर, म्हणजे त्यांच्या दगडी पाट्यावर, वाटायचे. ज्यांनी कधी नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापली आहे त्यांना माहीत आहे की ती हाताखाली कशी फाटते, कडा कशा तुटतात. चुन्यात शिजलेल्या मक्याचा उंडा तसा फाटत नाही. चुना दाण्याच्या सालीतले घट्ट धागे विरघळवतो आणि त्यातून डिंकासारखा चिकटपणा येतो. म्हणून या पिठाची पातळ, लवचीक, गुंडाळता येणारी तोर्तिया होते.

पण चुन्याचं मोठं काम डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, पण ते अशा स्वरूपात बांधलेलं असतं की आपल्या आतड्यांना ते फारसं घेता येत नाही. चुन्याचं पाणी ती बांधणी सोडवतं. शिवाय चुन्यातलं कॅल्शियम दाण्यात उतरतं. ज्या बाईनं संध्याकाळी मक्यात चुना टाकला, तिनं अन्न रुचकर केलं, वाटायला सोपं केलं आणि घरातल्या प्रत्येकाला एका भयंकर रोगापासून वाचवलं. त्या रोगाचं नावही तिला माहीत असायचं कारण नव्हतं, कारण तो रोग तिच्या गावात नव्हताच.

तो उगवला समुद्रापलीकडे. स्पॅनिश जहाजांतून मका युरोपात गेला, भरघोस पिकला आणि गरिबांचं मुख्य अन्न झाला. 1735 मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याला विचित्र रोगी दिसू लागले. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर लाल चट्टे, जुलाब, पुढे भ्रम आणि शेवटी मृत्यू. हाच पेलाग्रा नावाचा रोग उत्तर इटलीच्या मका खाणाऱ्या खेड्यांत पसरला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांत साथीसारखा फोफावला. हा संसर्गजन्य रोग आहे असं बहुतेक डॉक्टरांना वाटत होतं. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं तो आहारातल्या उणिवेमुळे होतो हे दाखवलं. आपलं म्हणणं पटवण्यासाठी त्यानं रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्याच्या पत्नीनंही तेच केलं. उणीव नायसिनची आहे, हे 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून समोर आलं. तोपर्यंत एकट्या अमेरिकेत काही दशकांत सुमारे एक लाख माणसं पेलाग्रानं दगावली होती.

या सगळ्या काळात मेक्सिकोतल्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या मका खाऊनही माणसं पेलाग्रापासून बहुतांशी दूर होती. युरोपानं दाणा उचलला, पण तो शिजवणाऱ्या घराची रीत मागे सोडली. गोदामात भरता येतो तो दाणा. रीत माणसांच्या हातांत असते, आणि ती शिकायची तर त्या हातांशेजारी बसावं लागतं.

म्हणूनच एखादा वारसा साजरा करायचा म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर मला स्वयंपाकघराच्या दिशेनं जाताना दिसतं. अमेरिकेत दरवर्षी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिना पाळला जातो. 1968 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात तो आठवड्याचा होता, 1988 मध्ये तो महिन्याचा झाला. सुरुवातीची तारीख मुद्दाम निवडलेली आहे. ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंदुरास, निकाराग्वा आणि कोस्ता रिका या पाच देशांचा 15 सप्टेंबर हा स्वातंत्र्यदिन. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा, 18 तारखेला चिलीचा. या महिन्यात शाळांत कार्यक्रम होतात, मिरवणुका निघतात, झेंडे लागतात. ते हवंच. पण या संस्कृतीचा खरा जोर जिथं आहे ती कामं घरात, चार माणसांनी मिळून करायची आहेत आणि ती वर्षभर चालतात.

त्यातलं सगळ्यात भरगच्च काम म्हणजे तामालादा, म्हणजे सगळ्या गोतावळ्यानं जमून तामाल करण्याचा दिवस. आपल्याकडे हळदीच्या पानात गुंडाळून पातोळ्या वाफवतात, तसा तामाल मक्याच्या कणसाच्या वाळलेल्या सालीत गुंडाळून वाफवतात. नाताळाच्या आधी मेक्सिकोत आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन घरांत हा दिवस ठरलेला असतो. एकट्यादुकट्यानं करायचं हे काम नव्हे, कारण तामाल पाच-दहा होत नाहीत. शंभर-दोनशे होतात.

आदल्या दिवशी मांस शिजवून ठेवतात, वाळक्या लाल मिरच्या भिजवून वाटतात. सकाळी कणसाच्या साली कोमट पाण्यात घालतात. त्या मऊ झाल्या की फाटलेल्या बाजूला काढून चांगल्या निवडणं हे बहुधा लहानांचं काम. चुन्यात शिजलेल्या मक्याचं पीठ, चरबी आणि रस्सा एकत्र करून फेटणं हे दंडात बळ असलेल्यांचं. ते पुरेसं फेटलं गेलं का, हे ओळखायची युक्ती सुंदर आहे. भांडंभर गार पाण्यात पिठाची गोळी टाकायची. बुडाली तर आणखी फेटायचं, तरंगली तर झालं. फेटताना पिठात हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते पुरेसे झाले की गोळी पाण्यापेक्षा हलकी होते. घनतेचा हा धडा आर्किमिडीजचं नाव न घेता सात वर्षांच्या मुलाला कळतो, आणि गोळी वर आली की सगळं स्वयंपाकघर आनंदानं ओरडतं.

मग टेबलाभोवती साखळी लागते. एक जण सालीच्या गुळगुळीत बाजूवर पीठ पसरतो, दुसरा सारण ठेवतो, तिसरा घडी घालतो, चौथा पातेल्यात तामाल उभे लावतो. सारण म्हणजे लाल मिरचीतलं डुकराचं मांस, तोमातियो या हिरव्या फळाच्या वाटणातली कोंबडी, मिरचीच्या फोडी आणि चीज, किंवा मुलांसाठी गोड. पातेल्याच्या तळाशी पाणी, त्यावर जाळी, आणि पाण्यात एक नाणं. पाणी उकळत असेपर्यंत नाणं तळाशी खुळखुळत राहतं. ते गप्प झालं की समजायचं, पाणी आटलं, आता भर घाला. झाकण उघडून वाफ घालवायची गरज नाही. किती घरांत ही साधी युक्ती अजून चालते! आणखीही एक समजूत आहे: रागावलेल्या माणसानं तामाल केले तर ते शिजत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी भांडणं टाळायची, काही घरांत पातेल्याच्या कानांना सालीच्या पट्ट्या बांधायच्या. शंभर-दोनशे तामाल होईपर्यंत तासन् तास एका टेबलाशी बसायचं, तर मन शांत ठेवण्याचा हा नियम केवढा शहाणा आहे.

या तासांत आणखी एक गोष्ट घडते. हात गुंतलेले असतात, म्हणून तोंडं मोकळी होतात. आजोबा कुठल्या गावातून निघाले, सरहद्द कशी ओलांडली, पहिली नोकरी कुठं लागली, हे मुलांना मुद्दाम बसवून सांगितलं तर ती कंटाळतात. साली पुसता पुसता ऐकलेलं मात्र त्यांच्या डोक्यात राहतं.

तामालची मूळ कल्पना स्पॅनिश लोकांच्या कितीतरी आधीची आहे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे सहागून या धर्मगुरूनं आस्तेक लोकांकडून माहिती गोळा केली, तेव्हा त्यानं बाजारात विकल्या जाणाऱ्या तामालच्या कितीतरी तऱ्हा नोंदवल्या. डुकराची चरबी मात्र तेव्हा नव्हती, कारण डुकरं स्पॅनिश लोकांनी आणली. म्हणजे आजचा तामाल ही दोन जगांची भेट आहे, आणि ही भेट सुखाची नव्हती. तिच्यात विजय होता, गुलामगिरी होती, रोगराईनं ओस पडलेली गावं होती. तरी जे जिवंत राहिले त्यांनी आपली रीत सोडली नाही आणि नव्या वस्तू तिच्यात सामावून घेतल्या. ओआहाकात आणि युकातानमध्ये सालीऐवजी केळीचं पान येतं. निकाराग्वात त्याचा भलामोठा नाकातामाल होतो. व्हेनेझुएलात नाताळाला आयाका करायला सगळं घर बसतं. पुएर्तो रिकोत मक्याच्या जागी कच्ची केळी आणि कंद किसून पास्तेलेस करतात. पदार्थ बदलतो, टेबलाभोवतीची साखळी तीच राहते.

मेक्सिकोत या साखळीला पंचांगातही जागा आहे. 6 जानेवारीला तीन राजांच्या सणाला रोस्का नावाचा कड्यासारखा गोड पाव कापतात. त्यात बाळ येशूची इवली मूर्ती दडवलेली असते. जिच्या किंवा ज्याच्या तुकड्यात ती सापडेल त्यानं 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. एक सण संपताना पुढच्या भेटीची तारीख आणि यजमान दोन्ही ठरून जातात. माणसांना पुन्हा एकत्र आणण्याची इतकी गोड तजवीज क्वचितच कुणी केली असेल.

या मक्याच्या कहाणीत आपल्या मातीतला एक माणूस आहे, आणि त्याची आठवण इथं यायलाच हवी. डॉ. पांडुरंग खानखोजे यांचा जन्म 1884 मध्ये वर्ध्याचा. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक देशोदेशी फिरत 1920च्या दशकात मेक्सिकोत पोहोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागला. तिथं त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभ्या केल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं आहे. वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं आहे. वर्ध्यात जन्मलेला माणूस मक्याच्या मायदेशी जाऊन तिथल्या शेतकऱ्यांबरोबर मक्यावर काम करतो, ही गोष्ट आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी.

दुसरा धागा आपल्या दाराशीच आहे. दसऱ्याला तोरणात ओवतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. युरोपीय लोकांच्या मार्फत तो जगभर गेला आणि भारतात असा रुजला की तो परका वाटतच नाही. मेक्सिकोत त्याला सेम्पासूचिल म्हणतात, आणि 1 व 2 नोव्हेंबरला तो सगळ्या देशाचा रंग होतो. हे दिवस मृतांचे. पहिला दिवस गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. त्या दोन दिवसांत आपली माणसं घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्यांना वाट सापडावी म्हणून दारापासून आत झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखतात, कारण तो रंग आणि तो उग्र वास त्यांना ओळखता येतो. 2008 पासून हा उत्सव युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.

या दिवसांसाठी घराघरांत ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठीची आरास, मांडतात आणि तिच्यातही प्रत्येकाच्या हाताला काम असतं. उतरत्या पायऱ्या रचायच्या, त्यावर गेलेल्यांची छायाचित्रं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या, कोपालचा धूप घालायचा. दूरच्या प्रवासानं तहान लागली असेल म्हणून पेलाभर पाणी, शुद्धीसाठी मीठ, हाडांच्या आकाराचे कणकेचे तुकडे लावलेला गोड पाव, साखरेच्या कवट्या. वर पापेल पिकादोची, म्हणजे कोरलेल्या कागदांची माळ. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइक्सकोलोत्ला गावचे कारागीर पातळ रंगीत कागदांच्या जाड थप्पीवर छिन्नी आणि हातोडीनं ही नक्षी कोरतात. घरातली मुलं घडी घालून कात्रीनं करतात. मग यायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: पणजीला काय आवडायचं? कुणी सांगतं कॉफी, कुणी सांगतं संत्री, कुणी सांगतं अमुक दुकानची मिठाई. ज्या मुलानं पणजीला पाहिलेलंच नाही, त्याला तिची आवड माहीत होते. ओफ्रेंदा मांडायची तर गेलेल्या माणसाबद्दल बोलावंच लागतं, आणि मला वाटतं या सणाची सगळी ताकद त्या सक्तीत आहे.

नेमक्या याच दिवसांत मिचोआकान आणि मेक्सिको राज्याच्या डोंगरांवर आकाशातून पाहुणे उतरतात. मोनार्क फुलपाखरं! अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा जीव कॅनडा आणि अमेरिकेतून, कधी कधी 4000 किलोमीटरपर्यंत, उडत येतो आणि ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांवर लाखोंच्या संख्येनं लगडतो. वसंतात इथून निघालेली फुलपाखरं परत येत नाहीत. वाटेत पिढ्यांमागून पिढ्या जन्मतात आणि मरतात. शरद ऋतूत येतात ती निघालेल्यांची पणतवंडं किंवा त्याहून पुढची. ज्या डोंगरावर ती कधीच आलेली नाहीत, तो डोंगर त्यांना सापडतो. त्यांचं हे हिवाळी ठिकाण जगाच्या शास्त्रज्ञांना 1975 मध्ये कळलं. तिथल्या पुरेपेचा आणि मासावा लोकांना ती दरवर्षी दिसतच होती, आणि ती येतात तेव्हा आपले पूर्वज येतात असं ते मानत आले आहेत. शास्त्र आणि श्रद्धा इथं एकाच दृश्याकडे बघतात. शास्त्र म्हणतं, पूर्वजांनी सोडलेल्या ठिकाणी वंशज परततात. गावकरी म्हणतात, वंशजांकडे पूर्वज परततात. दोन्ही ऐकताना अंगावर काटा येतो.

या घरांमधला खेळही रिकाम्या हातांचा नाही. लोतेरिया हा 54 चित्रांच्या पत्त्यांचा खेळ. अठराव्या शतकात तो मेक्सिकोत आला आणि 1887 मध्ये क्लेमेंते जाकेस या उद्योजकानं छापलेली चित्रं घरोघरी पोहोचली. कोंबडा, चंद्र, जलपरी, निवडुंग. प्रत्येकासमोर सोळा चित्रांचा फळा आणि मूठभर घेवड्याचे दाणे. पत्ते काढणारा नुसतं नाव पुकारत नाही. तो कोडं घालतो, यमक जुळवतो, कुणाची तरी थट्टा करतो. खेळणाऱ्यानं ओळखायचं आणि चित्रावर दाणा ठेवायचा. अमेरिकेत वाढणारी जी नातवंडं स्पॅनिश बोलायला लाजतात, ती या खेळात आजीचं कोडं जिंकण्याच्या ईर्ष्येनं कान देऊन ऐकतात. भाषा शिकवण्याचा याहून प्रेमळ मार्ग मला माहीत नाही.

टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी इथं राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं हिस्पॅनिक मुलांबरोबर एकाच बाकावर बसतात. त्या घरांना मनापासून सांगावंसं वाटतं: शेजारच्या घरचं तामालादाचं बोलावणं आलं तर शेवटी जेवायला जाऊ नका, सकाळी साली भिजवायला जा. ओफ्रेंदा पाहायला गेलात तर छायाचित्रातल्या माणसाचं नाव विचारा आणि त्याची गोष्ट संपेपर्यंत बसा. पीठ तरंगतं का ते तुमच्या मुलाला पाहू द्या, नाणं खुळखुळतं का ते ऐकू द्या. दुसऱ्याच्या संस्कृतीचा मान राखायचा तर तिच्या कामात हात घालावा लागतो; लांबून केलेल्या कौतुकात दाणा हाती येतो आणि रीत निसटते.

आणि मग आपल्याही घराकडे याच नजरेनं पाहायला हवं. पेलाग्रानं दाखवून दिलं की घरातली एक क्षुल्लक वाटणारी सवय, मक्यात टाकलेला चिमूटभर चुना, लाखोंच्या जगण्या-मरण्यात फरक करू शकते, आणि ती का करायची हे कुणालाच सांगता येत नसतानाही तीन हजार वर्षं टिकू शकते. ती टिकली कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी मुलाला चुलीजवळ बसवलं. आपल्या आजीच्या हातांत अशी कुठली रीत आहे, जिचं कारण शास्त्राला अजून विचारलंही गेलेलं नाही? ती आहे तोवर तिच्याशेजारी बसून, तिच्याबरोबर काम करून ती शिकून घ्यावी. मेक्सिकोतल्या घरांनी जगाला मका दिलाच. वारसा कसा जपायचा हेही त्यांच्याकडूनच शिकण्यासारखं आहे.